फुकट मिळालेले अकरा सीपीयू आणि एक सागवानी टेबल

सरकारी ऑफिसातून फुकट मिळालेल्या जुन्या सामानाला पाचपैकी साडेतीन स्टार देतोय. त्यातले तीन खुर्च्या, कपाटं आणि टेबलाचे, अर्धा त्या ऑफिसच्या भांडारातल्या भाऊसाहेबांचा. कॉम्प्युटरच्या वाट्याला काही उरलं नाही, का ते पुढे सांगतो.

आधी विषय काय ते. सरकारी ऑफिसातून जे जुनं सामान निघतं ना, टेबल खुर्च्या कपाटं कॉम्प्युटर प्रिंटर वगैरे, ते सगळंच भंगारात जातं असं नाही, साहेबांनी मनावर घेतलं तर नोंदणी असलेल्या संस्थेला फुकट पण मिळू शकतं. बऱ्याच जणांना हे माहितीच नाही, मला पण नव्हतं. आमची सोलापुरातल्या विडी घरकुल भागात एक अभ्यासिका आहे, दोनच खोल्या, संध्याकाळी पोरं बसतात अभ्यासाला आणि दुपारी बाया येतात फॉर्म भरायला. पोरांच्या आया विड्या वळतात, त्या पोरांना केंद्राची स्कॉलरशिप असते ती नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरावी लागते, आणि २०२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये लाडक्या बहिणीचे फॉर्म सुरू झाले तेव्हा तर रांग पार गल्लीच्या तोंडाला गेली होती आणि आमच्याकडे कॉम्प्युटर किती, तर एक. तो पण मेव्हण्याचा. तेव्हा एका ओळखीच्या मास्तरांनी सांगितलं, अर्ज टाक की, ऑफिसात मागच्या शेडमध्ये ढीग पडलाय नुसता.

कुठलं ऑफिस ते लिहीत नाही. एक तर आमचा अजून एक अर्ज त्यांच्याच टेबलावर पडलाय, आणि दुसरं म्हणजे महापालिका घ्या, जिल्हा परिषद घ्या, नगरपरिषद घ्या, कारभार थोड्याफार फरकाने तोच.

पहिला शब्द शिकून घ्या, निर्लेखन. हा शब्द नीट म्हणता आला की क्लार्क लोक तुम्हाला जरा वेगळ्या नजरेने बघतात. ऑफिसात आलेली प्रत्येक टिकाऊ वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढते, खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर टाकलेला असतो तो तिथलाच. पुढे ती खुर्ची मोडो, सडो, तिचा एक पाय जावो, रजिस्टरमध्ये ती ठणठणीत उभी असते. तिला उतरवायची तर निर्लेखन. म्हणजे समिती बसणार, यादी होणार, वस्तू कधी घेतली कितीला घेतली आता किंमत काय राहिली ते लिहिणार, मग तांत्रिक माणूस दाखला देणार की वस्तू निरुपयोगी झाली आहे आणि दुरुस्ती परवडणारी नाही, मग साहेबांची सही, आणि मग लिलाव. लिलाव हा राजरस्ता आहे. संस्थेला फुकट द्यायचं ही आडवाट, कारण उद्या लोकल फंडचे, म्हणजे स्थानिक संस्थांचे हिशेब तपासणारे, ऑडिटवाले येऊन विचारणार, लिलावात चार पैसे आले असते ते का सोडले? भाऊसाहेब मला पहिल्याच भेटीत म्हणाले, "सर, विकलं तर कोण काय विचारत नाही ओ, दिलं तर सगळे विचारतात."

आणि खरी मेख इथेच आहे. केंद्र सरकारचे २०१७ चे वित्तीय नियम आहेत, त्यातल्या २१७ व्या नियमात तीन वेगळे शब्द येतात, जास्तीची वस्तू, कालबाह्य वस्तू आणि निरुपयोगी वस्तू. ते नियम आपल्या स्थानिक ऑफिसांना थेट लागू नाहीत, पण फरक कळायला बरे पडतात. जास्तीची म्हणजे चांगली चालू आहे, फक्त आपल्याला नको. अमेरिकेत तर १९९६ मध्येच राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला की केंद्र सरकारी ऑफिसांतले जास्तीचे कॉम्प्युटर शाळांना आणि शिक्षणाचं काम करणाऱ्या संस्थांना द्या. मी ज्या ऑफिसात गेलो तिथे मात्र खाना एकच, निरुपयोगी. म्हणजे बघा, वस्तू चालू असेल तर निर्लेखन होत नाही, निर्लेखन झालं नाही तर देता येत नाही, म्हणून ज्या दिवशी ती तुम्हाला द्यायला मोकळी होते त्या दिवशी कागदावर ती निरुपयोगी असते. आणि तोपर्यंत ती खरोखर पण झालेली असते. कागद खोटा ठरत नाही, थोडा उशिरा खरा होतो एवढंच.

आमचं कसं झालं सांगतो. अर्ज टाकला ऑगस्ट २०२४ ला. सोबत संस्थेचं धर्मादाय आयुक्तांकडचं नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, दर्पण या संस्थांच्या सरकारी पोर्टलचा नंबर, विश्वस्तांचा ठराव, आणि इन्कम टॅक्सचं बारा ए, म्हणजे संस्थेची करमाफीसाठीची नोंदणी. (याच्यावर पुढे एक गंमत आहे.) आवक नंबर पडला, पोच घेतली, पोच घ्यायला विसरू नका, तीच पुढे कामाला येते. ऑक्टोबरच्या १५ तारखेला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि सगळं ठप्प. खरं तर जुन्या खुर्च्यांचा आणि निवडणुकीचा काय संबंध, पण आचारसंहिता म्हटल्यावर कोण सही करतंय. नंतर जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, अर्धं ऑफिस बंदोबस्ताच्या मीटिंगला नाहीतर रजेवर. मग मार्च एंड. मग मे महिन्यात साहेबांची बदली, नवीन साहेब आले त्यांनी फाईल पहिल्यापासून वाचायला घेतली, ते त्यांचं बरोबरच आहे म्हणा. जुलै २०२५ ला समिती बसली. यादी मंजूर. मी पेढे न्यायचे का असा विचार करत होतो तोवर सप्टेंबर उजाडला.

तो सप्टेंबर सोलापूरकरांना सांगायला नको. सीनेला पूर आला, गावंच्या गावं पाण्यात गेली, त्यापुढे आमच्या कॉम्प्युटरचं काय रडायचं, पण झालं असं की सामान होतं पत्र्याच्या शेडमध्ये आणि तो पत्रा दोन ठिकाणी फुटलेला. त्याच्या आधी तीन उन्हाळे ते सीपीयू तिथे होतेच. आपल्याकडचा उन्हाळा, ४२-४३ डिग्री बाहेर, पत्र्याखाली किती होत असेल तुम्हीच बघा, त्यात कबुतरं. मी ऑगस्ट २०२४ ला ती शेड बघितली होती तेव्हा भाऊसाहेबांनी त्यातले चार सीपीयू माझ्यासमोर चालू करून दाखवले होते. चारही चालू झाले होते!

माल ताब्यात मिळाला दिवाळीच्या आठ दिवस आधी. चौदा महिने झाले बरोबर. ऐनवेळी फोन आला, उद्या दुपारपर्यंत उचला, परवा शेड रिकामी करायचीय. छोटा हत्ती ठरवला, दोन हमाल घेतले, दोन खेपा, सगळे मिळून साडेतीन हजार गेले. आणि पाचशेच्या स्टॅम्पवर हमीपत्र, त्याचं लफडं नंतर सांगतो.

आता मालाविषयी.

खुर्च्या एकवीस. लोखंडी पाइपच्या, बसायला प्लॅस्टिकच्या वायरची विणलेली जाळी, जुन्या लोकांना लगेच डोळ्यासमोर येईल. सहांची जाळी गेलेली होती, ती आमच्याच गल्लीतल्या एका अक्कांनी परत विणून दिली, यंत्रमागावरच्या घरातली बाई, बोटं काय चालतात तिची, तासाला एक खुर्ची. या खुर्च्यांना गंज लागतो, रंग जातो, पण पाइप वाकत नाही. बाजारात आता जी प्लॅस्टिकची खुर्ची मिळते ती पोरांनी मागच्या दोन पायांवर झुलवली की वर्षात फाकते. या झुलवून झुलवून दमली पोरं. कपाटं तीन, त्यातलं एक गोदरेजचं, चावी कुणाकडेच नव्हती, चावीवाल्याने दोनशे रुपयात उघडलं तर आत जुने हजेरीपट आणि एक न उघडलेला अगरबत्तीचा पुडा. हजेरीपट परत नेऊन दिले, पोच मागितली तर भाऊसाहेब हसायला लागले. अगरबत्ती आम्ही लावली.

आणि टेबल. हे यादीत सगळ्यात खाली होतं, "लाकडी टेबल मोठे, मोडके, १ नग". वर चार थर रंग, चॉकलेटी त्यावर राखाडी त्यावर परत चॉकलेटी, एक पाय हलतोय, ड्रॉवरला मूठ नाही. हमाल म्हणाले सर हे नको नेऊ, जड आहे नुसतं. तरी आणलं. सुताराने एका कोपऱ्यात रंदा मारला आणि थांबला, म्हणाला सागवान आहे, अस्सल, आणि मला तिथल्या तिथे आठ हजार देतो म्हणाला. दिलं नाही अर्थातच, देता पण येत नाही, हमीपत्र आहे ना. आता त्याच्याभोवती दहा पोरं बसतात. म्हणजे ज्या वस्तूला कागदावर मोडकं म्हटलं ती पुढची पन्नास वर्षं जाईल आणि ज्यांच्यापुढे "संगणक संच" असं रुबाबात लिहिलं होतं त्यांची कहाणी पुढे ऐका.

हां, एक राहिलं, दोन मराठी टाइपरायटर पण मिळाले. कुणीच मागितले नव्हते. गोदरेजने टाइपरायटर बनवणं बंद करून जमाना झाला आणि टायपिंगची सरकारी परीक्षा पण आता कॉम्प्युटरवरच होते, त्यामुळे उपयोग शून्य, पण पोरं त्याच्यावर तुटून पडतात. एकाने स्वतःचं नाव टाइप केलं आणि घरी नेऊन भिंतीला लावलं म्हणे. रिबन मिळेना झालीय, कुणाकडे असेल तर कळवा.

कॉम्प्युटर. अकरा सीपीयू, नऊ मॉनिटर, कीबोर्ड माऊस एका पोत्यात. नवी पेठेतल्या ओळखीच्या रिपेअरवाल्याकडे सगळे नेले, दोस्तच आहे माझा, त्याने एकेक उघडायला सुरुवात केली आणि पहिल्याच्या आत कबुतराचं घरटं. खोटं वाटेल पण काड्यांसकट. दुसऱ्यात बोर्डावरचे कॅपॅसिटर फुगलेले. तिसऱ्यात रॅम नाही. चौथ्यात रॅम नाही. पाचव्यात पण नाही. तो म्हणाला, "काय बे, तुला सीपीयू दिलेत का नुसते डबे?" अकरांपैकी सातांत रॅम नव्हती. आता रॅम काही कबुतराने नेली नसणार. कुणी काढली ते मी म्हणत नाही, बघितलेलं नाही, पण चौदा महिन्यांपूर्वी माझ्यासमोर चालू झालेले चार यातलेच होते आणि रॅमशिवाय कॉम्प्युटर चालू होत नाही एवढं मला पण कळतं. यादीत "संगणक संच ११ नग" एवढंच लिहिलेलं, आत काय आहे काय नाही याची नोंदच नाही, तर भांडणार कशावर. तुम्ही कुणी गेलात तर यादीत रॅम, हार्डडिस्क, प्रोसेसर वेगवेगळे लिहून घ्या आणि ताबा घेताना झाकण उघडून बघा. लाजू नका. लोक फुकटचं आहे म्हणून लाजतात, मी पण लाजलो.

हार्डडिस्कचं उलट झालं. त्या काढून घ्यायला पाहिजे होत्या, आणि त्या तशाच आत. तीन डिस्क सुरू झाल्या आणि उघडल्यावर लोकांच्या अर्जांच्या स्कॅन कॉप्या, आधार कार्ड, बँक पासबुकं, सह्या. आमचा दोस्त गार पडला. मी सांगितलं बंद कर, काहीच बघायचं नाही. त्याने समजावलं की नुसता फॉरमॅट मारून डेटा जात नाही, परत काढता येतो, पूर्ण डिस्कवर पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून काढावं लागतं. रात्रभर लावून तिन्ही पुसल्या, बाकीच्या बंद डिस्कला भोकं पाडली ड्रिलने. ऑफिसला पत्र दिलं की असं असं सापडलं आणि आम्ही पुसलं. उत्तर नाही आलं. २०२३ चा वैयक्तिक डेटाचा कायदा आहे, त्यावर परिसंवाद होतात, आणि इथे लोकांची आधार कार्डं छोट्या हत्तीत बसून घरकुलापर्यंत आली. माझ्या दृष्टीने या सगळ्या व्यवहारातला सगळ्यात मोठा दोष हा आहे, रॅम बीम सोडा.

शेवटी जोडतोड करून तीन मशीन उभ्या राहिल्या. जुने इंटेलचे दुसऱ्या पिढीचे आय-थ्री प्रोसेसर, जुनी डीडीआर-थ्री रॅम विकत घेतली, हार्डडिस्कच्या जागी तीन छोट्या एसएसडी टाकल्या, बॅटरीचे सेल बदलले, सगळा खर्च सहा हजारांच्या आसपास. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टीम टाकली, मराठी कीबोर्ड बसवला, आणि खोटं का बोला, मस्त पळतात. स्कॉलरशिपचे फॉर्म भरले जातात, पोरं टायपिंग शिकतात. घरी तेलुगू बोलणारी पोरं आहेत, मराठी टाइप करताना र-फार आणि रुकार कुठला यावर त्यांची भांडणं ऐकण्यासारखी असतात.

प्रिंटर एकच मिळाला, एचपीचा १०२०, सरकारी ऑफिसात वर्षानुवर्षं हाच दिसतो. हा मात्र राक्षस आहे. रोलर पुसला, चालू. याचं टोनर कार्ट्रिज बारा ए नंबरचं. आता गंमत, मी दुकानात फोन करून विचारलं बारा ए आहे का, आणि शेजारी आमचे विश्वस्त अण्णा बसले होते ते दचकून म्हणाले, अरे ते तर फाईलला लावलंय, दुकानात कशाला मागतोस. इन्कम टॅक्सचं बारा ए आणि प्रिंटरचं बारा ए. दोन्ही नसलं तर संस्था बंद पडते हे खरंय.

आता ते हमीपत्र. त्यात तीन अटी. सामान पाच वर्षं विकायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं नाही, आणि ऑफिस ते कोणत्याही परिस्थितीत परत घेणार नाही. वाचताना वाटतं बरोबरच आहे, संस्थांनी फुकट घेऊन बाजारात विकू नये. पण जे आठ सीपीयू मेलेत त्यांचं काय करायचं? विकायचं नाही, द्यायचं नाही, परत घेणार नाहीत. भंगारवाल्याला दिले तर हमीपत्र मोडतं, आणि तसं पण १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवीन नियम आहेत, असला माल नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच गेला पाहिजे, भंगारवाला तांब्यासाठी वायरी जाळतो त्याच्याकडे नाही. म्हणजे ऑफिसने आपला ई-कचरा आमच्या नावावर करून शेड मोकळी केली आणि वर आम्ही आभाराचं पत्र दिलं, फोटोसकट. हे मुद्दाम केलं असं म्हणत नाही. फाईल अशीच चालते, प्रत्येकाने आपला कागद बरोबर केला.

भाऊसाहेबांना अर्धा स्टार का, तर ह्या सगळ्यात चौदा महिने माझा फोन उचलणारा तो एकच माणूस. साहेब बदलले तेव्हा फाईल तळाला गेली होती ती त्यांनीच वर काढली. शेडमधल्या खुर्च्या त्यांनी पुराच्या आधी स्वतः व्हरांड्यात ओढून घेतल्या होत्या, म्हणून वाचल्या. सीपीयू का नाही ओढले विचारलं तर म्हणाले, "ते वेगळ्या टेबलाकडे आहे की ओ सर, मी हात लावला तर मलाच विचारतील." बरोबर आहे, काय बोलणार.

ज्यांना अर्ज करायचाय त्यांनी एक लक्षात घ्या. विंडोज टेनचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज इलेव्हन अधिकृतपणे इंटेल प्रोसेसरच्या आठव्या पिढीच्या खाली, एखाद-दुसरा अपवाद सोडला तर, चालत नाही. म्हणजे ऑफिसांतले सहाव्या-सातव्या पिढीचे चांगले धडधाकट मशीन आता बाजूला काढायची वेळ आलीय, आमच्यासारख्यांना लिनक्स टाकून ते अजून सहज वापरता येतील. ते शेडमध्ये जायच्या आधी अर्ज टाका, टेबलावर असतानाच. आमचा दुसरा अर्ज त्याचाच आहे. डिसेंबरात महापालिकांच्या निवडणुकीची आचारसंहिता लागली म्हणून तो पण थांबला होता, आता हलेल म्हणतात.

खुर्च्या मागत असाल तर डोळे झाकून घ्या. लाकडी काही दिसलं तर नखाने रंग खरवडून बघा.

परवा आमचे ऑडिटर आले होते. सगळं सामान आमच्या डेडस्टॉक रजिस्टरला चढवलंय म्हटल्यावर त्यांनी विचारलं, हे आठ सीपीयू कुठे चालू आहेत? मी म्हटलं बंद आहेत, मागच्या खोलीत पडलेत. मग म्हणाले, असं चालणार नाही, निर्लेखन करून घ्या. अण्णा मिलमध्ये टाइमकीपर होते, वय ७८, कागदाचा माणूस. चष्मा लावला, रजिस्टर पुढे ओढलं आणि मला म्हणाले, "समिती नेमू. तांत्रिक माणूस कोण घ्यायचा?"